जिल्हा एक, श्रमबाजार अनेक : नाशिक जिल्हा नियोजन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, नाशिक.

विषय : जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत रोजगाराची आखणी श्रमबाजारनिहाय करण्याबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या अनुच्छेद २४३ झेडडीने जिल्हा नियोजन समितीकडे निधीवाटपापेक्षा बरेच मोठे काम सोपवले आहे. ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांनी आपापल्या हद्दीपुरत्या केलेल्या योजना एकत्र आणून संपूर्ण जिल्ह्याचा विकास आराखडा तयार करणे, आणि तो करताना ग्रामीण व नागरी भागांच्या सामाईक हिताच्या बाबी, स्थलविषयक नियोजन, म्हणजे कोणत्या जागी काय असावे याची आखणी, तसेच पाण्याची व अन्य साधनसंपत्तीची वाटणी यांचा विचार करणे हे तिचे घटनादत्त कर्तव्य आहे. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला, पालकमंत्र्यांकडे अध्यक्षपद आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे सदस्य-सचिवपद दिले, आणि चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नागरी स्वराज्य संस्था यांतून निवडून यावेत अशी तरतूद केली. गाव आणि शहर यांचा एकत्र विचार करण्याचा अधिकार असलेली संस्था जिल्ह्यात हीच आहे, आणि नाशिकच्या रोजगाराचा प्रश्न गाव आणि शहर यांच्यामधल्या ये-जा करण्यातच गुंतलेला आहे; म्हणून हे पत्र समितीला उद्देशून आहे.

पत्रातील म्हणणे थोडक्यात असे की, नाशिक हा महसुली दृष्टीने एक जिल्हा असला तरी रोजगाराच्या दृष्टीने तो एक नाही. सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर क्षेत्र, पंधरा तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार ६१ लाखांवर लोकसंख्या असलेल्या या प्रदेशात निदान चार वेगवेगळे श्रमबाजार नांदतात. श्रमबाजार म्हणजे ज्या टापूत काम देणारे आणि काम करणारे एकमेकांना रोजच्या वा हंगामी व्यवहारात सापडतात, जिथे एका मालकाने दर वाढवला तर शेजारच्याला वाढवावा लागतो, आणि जिथे एक काम सुटले तर घर न बदलता दुसरे शोधता येते, तो टापू. अशा टापूची हद्द तालुक्याच्या हद्दीशी जुळतेच असे नाही. किंबहुना नाशिकमध्ये ती क्वचितच जुळते, आणि योजना मात्र तालुक्याच्या हद्दीत आखल्या जातात.

पहिला श्रमबाजार नाशिक शहराभोवतीचा. त्याचा पाया सरकारी कारखान्यांनी घातला : नाशिकरोडचा प्रतिभूती मुद्रणालयाचा कारखाना १९२५ च्या सुमारास आणि चलनी नोटांचा छापखाना १९२८ मध्ये सुरू झाला, तर मिग विमानांच्या बांधणीसाठी ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये आला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतर सातपूर व पुढे अंबड येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. सहकारी तत्त्वावरची ‘नाईस’ ही वसाहतही त्याच काळातली. महिंद्र, मायको (आताचे बॉश), सिएट, क्रॉम्प्टन यांसारखे मोठे कारखाने आले, त्यांच्यामागून सुटे भाग करून देणारे शेकडो लघुउद्योजक आले, आणि धुळे-जळगावकडून आलेल्या तरुणांनी सिडकोच्या नव्या वसाहती भरल्या. आज सिन्नरच्या मुसळगाव आणि माळेगाव येथील वसाहती, इगतपुरी तालुक्यातील गोंदे आणि निफाड तालुक्यातील ओझर ही ठिकाणे महसुली नकाशावर तीन निरनिराळ्या तालुक्यांत पडत असली तरी कंपनीच्या बसमधून पाळीला जाणाऱ्या कामगाराच्या लेखी ती एकाच बाजारपेठेतली आहेत.

कारखाने असे एकाच जागी का गोळा होतात, याचे उत्तर आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्येच दिले होते. एका धंद्याचे अनेक कारखाने शेजारी असले की कुशल कामगारांचा सामाईक साठा तयार होतो, कच्चा माल आणि सुटे भाग पुरवणारे जवळ येतात, आणि कामाची माहिती एका कारखान्यातून दुसऱ्यात आपोआप झिरपते. अंबडमधल्या टूलरूममध्ये डाय बसवायला शिकलेला फिटर पाच वर्षांनी स्वतःचे दोन लेथ टाकून त्याच मालकाची जॉबवर्कची कामे घेऊ लागतो, ही अंबड-सातपूरची सर्वपरिचित वाट मार्शलच्या तिन्ही कारणांचे एकत्रित उदाहरण आहे. एकवटण्याचा हा फायदा खरा आहे, आणि म्हणूनच केवळ समतोलाच्या नावाखाली कारखाने चारी दिशांना विखुरण्याचा आग्रह धरणे व्यर्थ आहे, हेही आरंभीच मान्य केले पाहिजे.

दुसरा श्रमबाजार मालेगावचा. नाशिकपासून शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या या शहरात लाखाच्या वर यंत्रमाग आहेत, आणि १८५७ नंतरच्या काळात उत्तर भारतातून स्थलांतरित झालेल्या विणकर कुटुंबांनी त्या धंद्याची पायाभरणी केली. येथेही धंदा एकवटलेला आहे, तरीही मार्शलचे फायदे अर्धेच पदरात पडतात, कारण साखळीचे अधिक मोलाचे दुवे शहराबाहेर आहेत : सूत बाहेरून येते, आणि विणलेले कोरे कापड रंगाई-छपाईसाठी राजस्थानातील पाली-बालोत्रा यांसारख्या ठिकाणी जाते. मालेगावात मागे उरते ती विणाई आणि तिच्यावरची मीटरमागे मिळणारी मजुरी. बारा तासांच्या पाळीत एका कामगाराकडे अनेक माग असतात. दोरा तुटला की माग थांबवून तो जोडायचा, कांडी संपली की बदलायची, आणि वीज गेली की हातावर हात ठेवून बसायचे, कारण न विणलेल्या मीटरचे पैसे नसतात. घरी बसून कांड्या भरणाऱ्या स्त्रिया तर कोणत्याच हजेरीपटावर नसतात. मालेगावच्या तरुणाला नाशिकच्या इंजिनिअरिंग कारखान्यात सहज प्रवेश नाही; अंतर हे एक कारण झाले, पण त्याहून मोठी कारणे शिक्षणाची भाषा, हातात असलेले निराळे कौशल्य आणि ओळखीपाळखीतून होणारी भरती ही आहेत. एकाच जिल्ह्यातली ही दोन मोठी औद्योगिक शहरे श्रमाच्या बाबतीत एकमेकांना जवळजवळ अनोळखी आहेत.

तिसरा श्रमबाजार दिंडोरी, निफाड, चांदवड या द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्याचा. लासलगावची बाजार समिती १९४७ पासूनची, पिंपळगाव बसवंतची उलाढालही तोलामोलाची. लिलावात घेतलेला कांदा व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर येतो, तिथे स्त्रियांच्या टोळ्या तो निवडतात, प्रतवारी करतात आणि गोण्या भरतात, आणि हमाल-माथाडी त्या ट्रकमध्ये चढवतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली तेव्हा चर्चा झाली ती शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावाची. खळ्यावरची रोजंदारी आटते ही गोष्ट मात्र कोणत्याही आकडेवारीत उमटत नाही. द्राक्षाचे कामही असेच हंगामात बांधलेले आहे : एप्रिलमधील खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी, त्यानंतर बगलफूट काढणे, घडांची विरळणी, संजीवकात घड बुडवणे आणि जानेवारीपासून काढणी. यातली बहुतेक कामे वेळेत झाली नाहीत तर वाया जातात, त्यामुळे बागाईतदाराला ठरावीक दिवसांत भरपूर हात लागतात आणि उरलेल्या दिवसांत ते नको असतात.

हे हात येतात ते चौथ्या टापूतून, म्हणजे सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर तालुक्याचा हरसूलकडचा भाग येथून. सुरगाणा आणि पेठ या तालुक्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली या तिथल्या मुख्य जमाती. पाऊस भरपूर पडतो पण उतारावरून वाहून जातो, भात आणि नागलीचे एक पीक निघते, आणि दिवाळीनंतर गावात काम उरत नाही. मग टोळ्या निघतात. नाशिकजवळच्या गिरणारे येथे मजुरांचा बाजारच भरतो : डोक्यावर भांड्याकुंड्यांचे गाठोडे, कडेवर मूल आणि हातात कात्री घेऊन आलेली कुटुंबे रस्त्याच्या कडेला उभी राहतात, बागाईतदार गाडी घेऊन येतो, एकराचा उक्ता दर ठरतो, आणि टोळी गाडीत बसून निघून जाते. दहा-पंधरा दिवसांनी त्या बागेतले काम संपले की तीच टोळी पुन्हा बाजारात उभी असते. दर कोणी लिहून ठेवत नाही, आणि मजुराला राहायला जागा मिळाली का, पाणी कुठले प्याले, हे विचारणारे कोणी नसते.

याखेरीज येवल्याची पैठणी, मनमाडची रेल्वे कार्यशाळा आणि इंधनाचे डेपो, सिन्नरची एके काळची विडी अशी रोजगाराची लहान बेटे आहेत. पण जिल्ह्याचे मोठे चित्र या चार टापूंतून उभे राहते.

या चित्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की तिसरा आणि चौथा टापू प्रशासनाच्या कागदावर एक ‘प्रगत’ आणि एक ‘मागास’ असे वेगळे दिसत असले, तरी श्रमाच्या व्यवहारात ते एकाच साखळीची दोन टोके आहेत. निफाडची द्राक्षे युरोपात जातात ती सुरगाण्याच्या हातांनी खुडलेली असतात, आणि सुरगाण्याच्या घरातले मीठ-मिरची बऱ्याच अंशी निफाडच्या मजुरीतून येते. तरीही आदिवासी घटक कार्यक्रमाचा निधी मजूर जिथे राहतो त्या गावात खर्च होतो, आणि तो जिथे वर्षातले कित्येक महिने राबतो त्या गावात त्याच्या नावे काहीच खर्च होत नाही. आश्रमशाळा सुरगाण्यात, अंगणवाडीचा पोषण आहार पेठेत, आणि मूल मात्र दिंडोरीच्या बांधावर, अशी ही विसंगती आहे.

ही विसंगती दिसत नाही, कारण ती मोजली जात नाही. जनगणना सहा महिने वा त्याहून अधिक काम करणाऱ्यास ‘मुख्य कामगार’ आणि त्याहून कमी करणाऱ्यास ‘सीमांतिक कामगार’ म्हणते. काम कोठे केले हे त्यातून कळत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ मध्ये अल्पकालीन स्थलांतरिताची व्याख्या केली ती अशी की, गेल्या ३६५ दिवसांत रोजगारासाठी एक महिना वा त्याहून अधिक, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ गावाबाहेर राहिलेली व्यक्ती. दोन आठवड्यांच्या फेऱ्या करून प्रत्येक वेळी घरी परतणारी टोळी या व्याख्येच्या चाळणीतून सहज निसटते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा झाला, पण पेठहून निफाडला जाणारा मजूर राज्याचीच काय, जिल्ह्याचीही सीमा ओलांडत नाही. बेरोजगारीचा दरही येथे फसवा ठरतो. बेरोजगार म्हणजे काम शोधत असूनही ज्याला काम मिळत नाही असा माणूस. ज्याचे हातावर पोट आहे त्याला काम शोधत बसणे परवडत नाही, तो मिळेल ते करतो आणि आकडेवारीत ‘रोजगारात’ गणला जातो. त्यामुळे पदवीधर तरुणांनी भरलेल्या शहराचा बेरोजगारी दर जास्त आणि सुरगाण्याचा कमी निघाला, तर त्यावरून सुरगाण्यात रोजगार मुबलक आहे असा अर्थ काढणे ही घोडचूक ठरेल.

प्रादेशिक समतोलाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत म्हणून राज्याने १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आणली आणि पुढे तालुक्यांची विकासाच्या पायरीनुसार गटवारी करून सवलती ठरवल्या. १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने पुढच्याच वर्षी अनुशेषाचा, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत मागे पडलेल्या भागाला भरून द्यावयाच्या तुटीचा, हिशेब मांडला. १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळे आली, त्यांची मुदत २०२० मध्ये संपली. दरम्यान विजय केळकर समितीनेही २०१३ मध्ये अहवाल दिला. या साऱ्या विचारात प्रदेश हे मुख्य परिमाण राहिले, आणि नाशिकच्या पश्चिम पट्ट्याची अडचण तिथेच झाली : तो ‘उर्वरित महाराष्ट्रा’त मुंबई-पुण्याच्या पंक्तीला बसवला गेला, आणि नाशिक जिल्ह्याच्या सरासरीत सातपूर-अंबडच्या सावलीत गेला. डिसेंबर २०२२ च्या सुमारास सुरगाण्याच्या सीमेवरील काही गावांनी गुजरातमध्ये समाविष्ट करण्याची मागणी केली, तेव्हा तिच्याकडे राजकीय नाराजी म्हणून पाहिले गेले. रस्ता, दवाखाना आणि काम यांसाठी रोज ज्या दिशेला पावले वळतात ती दिशा त्या मागणीत दिसत होती, याकडे मात्र दुर्लक्ष झाले.

सवलतींचा दुसरा दोष असा की त्या भांडवलाला आणि जमिनीला मिळाल्या, श्रमाला नाही. सिन्नर तालुक्यात गुळवंच-मुसळगाव परिसरात शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन विशेष आर्थिक क्षेत्र आखले गेले आणि १३५० मेगावॅट क्षमतेचा औष्णिक प्रकल्प उभा राहिला. वीजखरेदीचा करार आणि कोळशाची वाहतूक यांची घडी न बसल्याने तो वर्षानुवर्षे बंद राहिला. गुंतवणूक आली, चिमण्या उभ्या राहिल्या, पण जमीन दिलेल्या गावांच्या पदरात अपेक्षित रोजगार पडला नाही. याउलट त्याच तालुक्यातील वसाहतींतले मध्यम कारखाने चालले, कारण जेमतेम तीस किलोमीटरवरच्या नाशिकचे कुशल कामगार, पुरवठादार आणि दुरुस्तीची दुकाने त्यांना आयती लाभली. सिन्नरच्या यशाचे खरे कारण सवलतीपेक्षा हे सान्निध्य आहे. म्हणून सिन्नरला मिळालेली सवलत सुरगाण्याला दिली तर सुरगाण्याचे सिन्नर होईल, ही अपेक्षा फोल आहे.

स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार, वाढणारे केंद्र भोवतालच्या प्रदेशावर दोन उलट परिणाम करते : मागणी, मजुरी आणि तंत्रज्ञान बाहेर पसरवणारा ‘प्रसार-परिणाम’, आणि तिथले शिकलेले तरुण, बचत व व्यापार स्वतःकडे खेचून घेणारा ‘शोषण-परिणाम’. कोणता परिणाम वरचढ ठरेल हे रस्ते, शिक्षण आणि सार्वजनिक सोयी यांवर ठरते, म्हणजे बऱ्याच अंशी नियोजनावर ठरते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यानंतर मुंबई-नाशिक हे केंद्र अधिक बळकट होणार, आणि सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांमुळे नाशिक-त्र्यंबकेश्वरात मजुरांची मागणी वाढणार, हे उघड आहे. हा वेग पेठ-सुरगाण्याकडे प्रसार म्हणून पोहोचेल की तिथून केवळ माणसे खेचील, याचा निर्णय समितीच्या हाती पुष्कळ अंशी आहे.

जगात याला उत्तरे शोधली गेली आहेत. ब्रिटनमध्ये जनगणनेतील ये-जा करण्याच्या माहितीवरून ‘कामप्रवास क्षेत्रे’ आखली जातात. एखाद्या क्षेत्रात राहणाऱ्या कामगारांपैकी साधारणपणे निदान ७५ टक्के तिथेच काम करत असतील आणि तिथे काम करणाऱ्यांपैकी निदान ७५ टक्के तिथेच राहत असतील, तर ते एक क्षेत्र मानले जाते. इटलीची सांख्यिकी संस्था १९८१ च्या जनगणनेपासून अशाच ‘स्थानिक श्रम-व्यवस्था’ आखत आली आहे. भारतातही साधने अगदीच नाहीत असे नाही. २०११ च्या जनगणनेने शेतीबाहेरच्या कामगारांना कामाच्या जागेचे अंतर आणि प्रवासाचे साधन विचारले होते, जानेवारी २०२५ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या नमुना-निवडीत जिल्हा हा मूलभूत घटक झाला आहे, आणि २०२७ ची जनगणना पुढ्यात आहे. ब्रिटनची व्याख्या मात्र जशीच्या तशी येथे चालणार नाही, कारण ती रोज संध्याकाळी घरी परतणाऱ्या नोकरदारासाठी बेतलेली आहे. नाशिकला रोजच्या ये-जा करण्याबरोबर हंगामी फेऱ्याही मोजाव्या लागतील.

या विवेचनावरून समितीपुढे पुढील मागण्या ठेवल्या जात आहेत.

पहिली, ग्रामपंचायतींमार्फत वर्षभराचे श्रम-प्रवाह नोंदवणारी जिल्ह्याची स्वतःची पाहणी करावी, आणि तीत पंधरा दिवसांची फेरीही मोजावी. गावातून कोण, कोणत्या महिन्यात, कोठे, कोणत्या कामाला आणि काय दराने गेले, एवढी पाच उत्तरे मिळाली तरी आजवर कोणत्याही सर्वेक्षणात नसलेले चित्र हाती येईल.

दुसरी, त्या आधारे श्रमबाजारांच्या हद्दी आखून वार्षिक योजनेच्या प्रारूपाला त्यांचा तक्ता जोडावा, आणि आदिवासी घटक कार्यक्रमाचा काही भाग कामाच्या ठिकाणी खर्च करण्यास शासनाची मान्यता मागावी. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षगावांत हंगामी निवारे, पाळणाघरे, स्वच्छतागृहे आणि मुलांसाठी हंगामी वर्ग यांचा खर्च त्यातून भागावा, आणि गिरणारेसारख्या मजूर बाजारांत छप्पर, पाणी आणि चालू दरांचा फलक असावा.

तिसरी, रोजगार हमीच्या कामांचे वेळापत्रक प्रत्येक टापूच्या हंगामानुसार ठरवावे. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करून महाराष्ट्राने देशाला वाट दाखवली. पण सुरगाण्यात काम निघते ते टोळ्या निघून गेल्यावर, अशी स्थिती असेल तर ती वरातीमागून घोडे नेण्यासारखी आहे. दिवाळी सरताच गावात काम मिळाले तर बागाईतदाराशी दर ठरवताना मजुराची बाजू आपोआप भक्कम होते.

चौथी, मालेगावसाठी विणाईच्या पुढचे दुवे, म्हणजे रंगाई, छपाई आणि तयार कपडे, पाण्याच्या पुनर्वापराच्या सोयीसह शहरातच उभारण्याचा आराखडा करावा, आणि तेथील आयटीआयमधील अभ्यासक्रम व त्यांची भाषा मालेगावच्या तरुणाला नाशिकचेही दार उघडेल अशी ठेवावी.

पाचवी, पेठ, हरसूल आणि सुरगाणा येथून नाशिक-दिंडोरीच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत पाळीच्या वेळेला धरून एस. टी. च्या फेऱ्या आणि कामगार वसतिगृहे यांचा विचार व्हावा. पेठचा तरुण पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला पोहोचू शकत नसेल, तर त्याच्या तालुक्याचे दारिद्र्य बसच्या वेळापत्रकातही दडलेले आहे, हे मान्य करावे लागेल.

या मागण्यांपैकी बहुतेकांना नव्या कायद्याची गरज नाही, आणि मोठ्या निधीचीही नाही. असलेला निधी माणसाच्या मागून त्याच्या कामाच्या जागेपर्यंत जाऊ देण्याची मात्र गरज आहे. पुढील वार्षिक योजनेचे प्रारूप समितीपुढे येईल तेव्हा त्यात किती रस्ते, किती सभामंडप आणि किती पथदिवे आहेत याबरोबरच, सुरगाण्याचा मजूर निफाडमध्ये असताना योजनेच्या कोणत्या रकान्यात सापडतो, हा प्रश्न सदस्यांनी सभागृहात विचारावा आणि त्याचे लेखी उत्तर इतिवृत्तात घ्यावे, ही विनंती.

कळावे,
नाशिक जिल्ह्यातील श्रमजीवनाचा एक अभ्यासक